जास्त भरलेली घरपट्टी परत कशी मागायची : कोकणात घर असलेल्यांसाठी

२०२३ च्या गणपतीत आमच्या घराची पट्टी दोनदा भरली गेली. गौरी यायच्या आदल्या दिवशी धाकट्या भावानं मोबाईलवरून भरली, आणि त्याच दुपारी काका बाजारातून येता येता ग्रामपंचायतीत रोख भरून आले. दोघंही एकमेकांना काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षीचं बिल आलं तेव्हा जमा एकदाचीच दिसत होती. वर कडी म्हणजे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात भुईसपाट झालेल्या मांगराची (म्हणजे गुरं, पेंढा, अवजारं ठेवायच्या बाहेरच्या खोपीची) पट्टी अजून चालूच होती. दापोली तालुक्यातलं गाव आमचं. त्या दिवशी किती मांगर, किती माड गेले ते सांगायला नको.

रक्कम फार नव्हती. एका भरण्याचे १,३४० रुपये. तरी ती सोडवून घेताना सहा-सात फेऱ्या झाल्या, आणि त्यातल्या निम्म्या फेऱ्या आम्ही चुकीच्या गोष्टीपासून सुरुवात केली म्हणून झाल्या. तुम्ही पहिल्यांदाच हे करत असाल तर तेवढ्या वाचाव्यात म्हणून हे लिहितोय. कोकणात बहुतेकांचं घर ग्रामपंचायत हद्दीत असतं, म्हणून मुख्य भर त्यावर आहे. चिपळूण, मालवण, अलिबाग, सावंतवाडी अशा नगरपरिषदांच्या गावांतलं घर असेल तर शेवटचा भाग पाहा.

आधी ठरवा : पैसे चुकले की आकारणी चुकली

सगळं याच्यावर अवलंबून आहे. ग्रामपंचायतीत जाऊन नुसतं "आमची पट्टी जास्त घेतली, परत द्या" म्हटलं की समोरचा माणूस गोंधळतो आणि तुम्हाला "अर्ज द्या, बघू" म्हणून वाटेला लावतो.

एक प्रकार पैशांच्या चुकीचा. आकारणी बरोबर आहे, पण पैसे जास्त गेले: दोघांनी भरले, ऑनलाईन भरताना पैसे दोनदा कापले गेले, किंवा भरलेली रक्कम वहीत चढवायची राहिली आणि पुढच्या वर्षी थकबाकी म्हणून परत वसूल झाली. शेजारच्या घर क्रमांकावर आपले पैसे जमा होणंही यातच. वाडीत एकाच आडनावाची अकरा घरं असली की हे होतंच. अशा वेळी पावत्या दाखवल्या की मुद्दा संपतो. वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

दुसरा प्रकार आकारणीच्या चुकीचा. घराचं क्षेत्रफळ जास्त लावलंय, साठ वर्षांचं चिऱ्यांचं घर नवं म्हणून धरलंय, राहतं घर व्यापारी वापरात टाकलंय, पडलेली इमारत उभी दाखवलीय, किंवा एकच घर जुन्या आणि नव्या अशा दोन क्रमांकांवर आलंय. इथे मागणी बिल वहीप्रमाणे बरोबरच असतं. चूक वहीत असते. वही दुरुस्त झाल्याशिवाय तुम्ही जास्त भरलं असं कागदावर सिद्धच होत नाही. म्हणून आधी दुरुस्ती, मग परतावा. आम्ही दोन्ही एकाच अर्जात घुसडलं आणि दुबार भरण्याचा साधा विषयसुद्धा चार महिने मांगराच्या भानगडीत अडकून पडला.

दोन प्रकार, दोन अर्ज.

कागद गोळा करणं

चार नमुन्यांची नावं पाठ करून जा. समोरच्याला कळतं की यांना माहिती आहे.

नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. गावात याच्या उताऱ्याला सरसकट 'असेसमेंट' म्हणतात. घर क्रमांक, मालकाचं नाव, बांधकाम कशाचं, लांबी-रुंदी, वापर, भांडवली मूल्य आणि त्यावरचे कर असं सगळं त्यात असतं. नमुना ९ ही मागणी नोंदवही: मागील बाकी, चालू मागणी, वसूल किती, कोणत्या पावतीनं. नमुना ९ क हे तुमच्या हातात येणारं मागणीचं बिल, आणि पैसे भरल्यावर मिळते ती नमुना १० ची पावती.

नमुना ८ चा उतारा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येणाऱ्या सेवांमध्ये आहे, म्हणजे तो ठरावीक दिवसांत देणं बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रात मागता येतो. नमुना ९ चा उतारा मात्र बहुतेक जण मागतच नाहीत, आणि खरी गंमत त्यातच असते. तुमची पावती क्रमांक अमुक, तारीख तमुक, ती नमुना ९ मध्ये तुमच्या नावासमोर चढलीय का, एवढंच पाहायचं. आमच्या बाबतीत मोबाईलवरचा भरणा चढला होता. काकांची रोख पावतीही चढली होती, पण वेगळ्याच घर क्रमांकासमोर: १७६ ऐवजी १६७.

तोंडी मागून नमुना ९ मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जाची फी १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. "माझ्या घर क्र. अमुकच्या सन २०२१-२२ पासूनच्या नमुना ९ मधील नोंदींची प्रत" एवढंच लिहा. "का", "कोणी" असे प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा नाही.

पावत्या सापडत नाहीत हे कोकणातलं नेहमीचं दुखणं. त्या देवघराच्या फळीवर, आजीच्या ट्रंकेत, नाहीतर मुंबईच्या खोलीत कपाटात असतात, आणि पावसाळ्यातल्या ओलीनं निम्म्या चिकटलेल्या. चिकटलेल्या पावत्या ओढून सोडवू नका. उन्हात नाही, सावलीत वाळू द्या, मग हलक्या हातानं सुट्या करा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पावतीपुस्तकाचा क्रमांक आणि पावती क्रमांक वाचता आला तरी ग्रामपंचायतीकडच्या स्थळप्रतीवरून ती शोधता येते.

ऑनलाईन भरताना पैसे कापले गेले पण पावती आली नाही, असं झालं असेल तर आधी ग्रामपंचायतीकडे धावू नका. यूपीआयवरून व्यापारी खात्यात भरलेले पैसे असे अडकले तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तेवढे दिवस थांबा, मग व्यवहार क्रमांक घेऊन बँकेकडे तक्रार करा. पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात पोचल्याचं बँकेनं लिहून दिलं, तर तो कागद जोडून ग्रामपंचायतीत जा.

आकारणी कशी होते, ते एकदा समजून घ्या

हा भाग रुक्ष आहे, पण इथेच पैसे असतात.

गावातली घरपट्टी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली लागते. तिचे नियम १९६० चे आहेत, आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर काढतात. सूत्र असं:

इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसाऱ्याचा दर (घर जुनं होईल तशी किंमत घटवणारा आकडा). या बेरजेला वापराच्या भारांकानं गुणायचं. राहत्या घराचा भारांक १, औद्योगिक वापराचा १.२०, व्यापारी वापराचा १.२५. आलेल्या भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे असा कर बसतो. ते पैसे किती, हे बांधकामाच्या प्रकारावर आणि नियमातल्या किमान-कमाल मर्यादेत ग्रामपंचायतीनं ठरवलेल्या दरावर अवलंबून असतं.

समजण्यापुरते आकडे घेऊ. हे दर तुमच्या गावचे नाहीत. घर ८० चौरस मीटर. जमिनीचा दर ५०० रुपये, म्हणजे ४०,०००. बांधकामाचा दर १२,००० रुपये, आणि घर जुनं म्हणून घसारा ०.४० धरला तर ३,८४,०००. बेरीज ४,२४,०००. हजाराला १०० पैसे दर असेल तर वर्षाची घरपट्टी ४२४ रुपये. आता समजा वहीत घराचं वय लिहायचं राहिलं आणि घसाराच लागला नाही. बांधकामाचे ९,६०,००० होतात, बेरीज १०,००,००० आणि पट्टी १,००० रुपये. वरून दोन खोल्या मे महिन्यात पर्यटकांना देता म्हणून सगळं घर व्यापारी धरलं तर १,२५०. चार वर्षं फेरआकारणी होत नाही, तोपर्यंत दर वर्षी हाच आकडा. घसाऱ्याचा एक रकाना रिकामा राहिला, तर चार वर्षांत २,३०४ रुपये जादा.

म्हणून नमुना ८ हातात आला की हे तपासा.

लांबी-रुंदी. फीत घेऊन स्वतः मोजा. वहीत चौरस मीटर असतात आणि आपल्या डोक्यात चौरस फूट. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. पडवी धरतात, ते बरोबरच आहे. पण उघडं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, बांधकामात धरलेलं दिसलं तर हरकत घ्या. पावसाळ्यापुरती खळ्यावर घातलेली पत्र्याची शेड मोजली असेल तर ती दर वर्षी काढता याचे फोटो दाखवा. कायमची शेड असेल तर त्यांचं बरोबर आहे. भांडू नका.

बांधकामाचा प्रकार. चिऱ्याची भिंत मातीत बांधलेली की सिमेंटात, यावर दर बदलतो. जुन्या चिरेबंदी घरांना बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असतो, म्हणून मोजणीला आलेला माणूस बघून सिमेंटचं लिहून जातो. गिलावा उडालेल्या एखाद्या कोपऱ्याचा फोटो पुरतो. गोठ्याला किंवा मांगराला घराच्याच प्रकारात टाकलेलं पुष्कळदा आढळतं.

वय. घर कधी बांधलं याचा पुरावा म्हणजे जुन्या असेसमेंटचे उतारे, जुनी वीज जोडणी, जुन्या पावत्या. १९७५ ची पावती असेल तर घर निदान तितकं जुनं आहे हे त्यांना मान्य करावंच लागतं.

सूट. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका राहत्या घराच्या मालमत्ता करातून माफी देण्याचा राज्य शासनाचा निर्णय २०२० चा आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात फौजेत गेलेली घरं कमी नाहीत, पण ही माफी मागितल्याशिवाय लागत नाही. शिवाय वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर भरणाऱ्याला ५ टक्के सूट मिळाली का, हेही पावतीवर बघा.

एक सावधगिरीची गोष्ट. फेरमोजणी मागितली की माणूस सगळंच मोजतो. मागच्या बाजूला बांधलेलं नवं न्हाणीघर, वरचा स्लॅब, नोंद न केलेली खोली, सगळं वहीत जातं. शंभर रुपये वाचवायला गेलेल्या एकाची पट्टी तीनशेनं वाढलेली मी पाहिली आहे. आधी घरच्या घरी मोजून, सूत्रात घालून बघा. फायदा दिसला तरच अर्ज.

पडलेल्या घराचं काय

वादळात, पुरात किंवा नुसतं बंद राहून घर पडलं असेल तर त्याची आकारणी कमी करून मागता येते. मागावीच. पण इथे घाईत "नोंद रद्द करा" असं लिहून देऊ नका. कोकणात घर क्रमांकाला वेगळंच मोल आहे. नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही हे खरं. पण तिथे आपलं घर होतं याचा तो हाताशी असलेला कागद असतो. पुढे त्याच जोत्यावर घर बांधायला गेलात, वीज जोडणी मागितलीत, की पहिला प्रश्न तोच: घर नंबर काय?

आम्ही अर्जात असं लिहिलं: "घर क्र. १७६ मधील मांगराचे बांधकाम दि. ३ जून २०२० रोजीच्या चक्रीवादळात पूर्णपणे पडले आहे. जोते अस्तित्वात आहे. घर क्रमांक कायम ठेवून पडलेल्या बांधकामाची आकारणी कमी करावी." सोबत त्यावेळच्या नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत. पंचनामा घरी नसेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, विचारा. तौक्ते वादळाचे, मे २०२१ चे पंचनामेही तिकडूनच मिळतील.

मागच्या वर्षांचे पैसे या प्रकारात मिळणं कठीण असतं, हे आधीच सांगतो. पडल्याचं तुम्ही कळवलंच नव्हतं, असं ते म्हणतात आणि ते खोटंही नसतं. आमचं मांगराचं मागचं मिळालं नाही. पुढचं थांबलं.

अर्ज

दुबार भरण्याचा अर्ज साधा, एका पानाचा ठेवा. हा घ्या नमुना, आपले तपशील घाला:

प्रति,
मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत ________, ता. ________, जि. ________

विषय : घर क्र. ____ ची सन २०__-२० __ ची घरपट्टी दोनदा भरली गेल्याने जादा रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,
वरील घराची सदर वर्षाची मागणी रु. ____ होती. ही रक्कम पावती क्र. ____ दि. ____ अन्वये ऑनलाईन, आणि पुन्हा पावती क्र. ____ दि. ____ अन्वये रोखीने भरली गेली आहे. दुसरा भरणा चुकीने झाला आहे. नमुना ९ मधील नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.
तरी जादा भरलेले रु. ____ परत मिळावेत. परतावा शक्य नसल्यास सदर रक्कम याच घर क्रमांकाच्या पुढील मागणीत वळती करून तशी नोंद नमुना ९ मध्ये घ्यावी व तिची प्रत मला द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(नाव, पत्ता, मोबाईल, बँक खात्याचा तपशील)

शेवटचं वाक्य गाळू नका. का, ते पुढे येईल.

वाटल्यास एक ओळ कायद्याची घाला: चुकीनं दिलेले पैसे घेणाऱ्यानं परत करायला हवेत, असं भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७२ सांगतं, आणि ते कराच्या पैशांनाही लागू पडतं असं सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्ये बनारसच्या एका विक्रीकराच्या प्रकरणात म्हटलं होतं. मी ही ओळ पहिल्या अर्जात घालत नाही. पहिल्याच फेरीला कायदा काढला की माणसं ताठ होतात. दुसऱ्या स्मरणपत्रात घाला.

अर्ज दोन प्रतींत. एका प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही, म्हणजे पोच. "ठेवून जा, मी चढवतो नंतर" असं कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. आमच्या पहिल्या अर्जाची पोच काकांनी घेतली नव्हती, "आपलाच माणूस आहे रे तो" म्हणून. पुढच्या महिन्यात आपल्या माणसाची बदली झाली आणि अर्ज कुठे गेला ते वेतोबाला ठाऊक. मुंबईहून करत असाल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि टपालाची पावती जपा.

आत काय होतं

ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंत ज्यांना ग्रामसेवक म्हणत, ते) पावत्या आणि नमुना ९ पडताळतात. मग विषय मासिक सभेपुढे जातो. ग्रामनिधीतले पैसे सरपंच आणि सचिव (म्हणजे हेच अधिकारी) या दोघांच्या सहीनं निघतात, त्यामुळे एकट्या अधिकाऱ्यानं "हो" म्हणून काही होत नाही, ठराव लागतो. ठराव झाला की परताव्याचा आदेश निघतो. त्यालाही लेखा संहितेत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या नियमांत, स्वतंत्र छापील नमुना आहे: नमुना ३२, रकमेच्या परताव्यासाठीचा आदेश. हा क्रमांक मुद्दाम लक्षात ठेवा. "परतावा द्यायची आमच्याकडे पद्धतच नाही" हे वाक्य तुम्हाला बहुधा ऐकवतील. शांतपणे म्हणा, "नमुना ३२ असतो ना साहेब?" पुढचं बोलणं वेगळ्या सुरात सुरू होतं.

मासिक सभा कधी आहे ते विचारून त्याच्या आधी आठवडाभर अर्ज पोचवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उठून हा विषय काढावा का? मी तरी काढणार नाही. ग्रामसभेत पैशाचं बोलणं निघालं की भावकीची जुनी उणीदुणी निघतात, आणि तुमचे तेराशे चाळीस रुपये गटारीच्या कामापाशी हरवतात.

परतावा की वळती

बँक खात्यात पैसे परत येणं हे उत्तम, पण माझं मत विचाराल तर छोट्या रकमेला पुढच्या बिलात वळती करून घेणं बरं. एक तर ते लवकर होतं. दुसरं कारण अगदी कोकणी आहे. घर बहुतेकदा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर असतं. परतावा निघायचा तो वहीतल्या नावानं, आणि ते नाव तर कधीचं वर गेलेलं. मग वारसांची संमतीपत्रं, त्यात एक चुलते बोरिवलीला, एक आत्या बेळगावला, आणि एकाशी बोलणं बंद. १,३४० रुपयांसाठी हा उद्योग कोण करणार? वळती करताना रक्कम घर क्रमांकावरच राहते, नावाचा प्रश्न येत नाही.

दोन वेळा मात्र परतावाच मागा. घर विकलं असेल किंवा वाटणीत दुसऱ्याकडे गेलं असेल तर वळती केलेल्या रकमेचा फायदा नव्या माणसाला होईल. आणि रक्कम वर्षाच्या पट्टीच्या कितीतरी पट असेल तर ती फिटायला वर्षं जातात. वरच्या उदाहरणातले २,३०४ रुपये ४२४ च्या पट्टीत वळते करायला सहावं वर्ष उजाडेल. पाणीपट्टीचं खातं बहुतेक ठिकाणी वेगळं ठेवतात, म्हणून घरपट्टीची जादा रक्कम पाणीपट्टीत धरा म्हटलं तर सहसा नकार मिळतो.

तोपर्यंत चालू वर्षाची पट्टी थांबवू नका. बाकी दिसली की येणे बाकी नसल्याचा दाखला अडतो. रक्कम मान्य नसेल तर भरा, आणि त्याच दिवशी "हरकत राखून भरणा केला आहे" असं पत्र देऊन पोच घ्या.

नकार आला तर, किंवा काहीच आलं नाही तर

महिनाभरात उत्तर नाही तर स्मरणपत्र. त्यानंतर गट विकास अधिकाऱ्यांकडे, पंचायत समितीत, आधीच्या पोचेच्या प्रती जोडून तक्रार. दुबार भरण्याचे विषय बहुतेक इथेच सुटतात, कारण लेखापरीक्षणात अशी रक्कम निघालेली कोणालाच नको असते.

आकारणीच मान्य नसेल तर तक्रार नव्हे, अपील करायचं. ग्रामपंचायतीच्या कराच्या आकारणीविरुद्ध अपील पंचायत समितीकडे जातं, आणि त्यावर पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. अपिलाला मुदत असते, म्हणून आदेश किंवा बिल हातात आलं की आठवडाभरात कामाला लागा. अपिलात भावना नकोत. वहीतलं क्षेत्रफळ इतकं, प्रत्यक्ष इतकं, नकाशा सोबत. वहीतलं वय इतकं, पुरावा हा. चार ओळी पुरतात.

खरं तर वेळ सर्वांत सोपी असते ती फेरआकारणीची. चार वर्षांतून एकदा यादी प्रसिद्ध होते आणि हरकती मागवतात. नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, चाकरमानी असतो परळला नाहीतर विरारला. गावातल्या एखाद्या चुलतभावाला सांगून ठेवा की अशी नोटीस दिसली की फोटो काढून पाठव. त्या वेळी दिलेल्या हरकतीनं जे काम होतं, त्याला नंतर अपील लागतं.

किती मागचं मागता येईल? पैसे परत मिळवण्याच्या दाव्याला मुदतीच्या कायद्यानं साधारण तीन वर्षं असतात. चुकीनं भरलेले असतील तर चूक लक्षात आली, किंवा नीट पाहिलं असतं तर लक्षात आली असती, तिथून ती मोजतात. घरपट्टीसाठी कोर्टात जाणं कोणाला परवडत नाही, पण अर्जात तीन वर्षांच्या आतलं मागितलं तर नाही म्हणायला त्यांच्याकडे सबब राहत नाही. दहा वर्षांचं मागितलंत तर सगळंच लांबतं.

घर नगरपरिषद किंवा नगरपंचायतीत असेल तर

कायदा वेगळा, १९६५ चा. ग्रामसेवकाच्या जागी कर विभाग आणि वर मुख्याधिकारी. दुबार भरण्याचं काम इथे उलट सोपं जातं, कारण वसुली संगणकावर असते आणि नाव-क्रमांकाची गफलत लवकर सापडते. आकारणीविरुद्ध अपील करताना मात्र मागणीची रक्कम आधी भरावी लागते, हे ध्यानात ठेवून पैशांची सोय करा.

बिल नीट वाचा. त्यात मालमत्ता कराशिवाय शिक्षण कर असतो, आणि बिगरनिवासी वापराला रोजगार हमी उपकर. हे नगरपरिषद राज्य शासनासाठी गोळा करते. तो हिस्सा परत मिळायला उशीर लागतो, म्हणून अर्जात प्रत्येक कराची जादा रक्कम वेगवेगळी लिहा. एकच ठोक आकडा लिहिला तर सगळीच रक्कम त्या एका हिश्श्यापायी अडकते.

कणकवली, कुडाळ, दापोली, गुहागर, देवगड-जामसंडे अशा ठिकाणी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा जुन्या वहीतली घरं नव्या वहीत आली. नव्या क्रमांकासोबत जुना क्रमांकही बिलावर लिहिलेला आहे का ते बघा. नसेल, तर एकाच घराच्या दोन नोंदी झाल्या नाहीत ना, हे एकदा विचारून घ्या.

आमच्या १,३४० रुपयांचं काय झालं? मासिक सभेत वळतीचा ठराव झाला. मे महिन्यात नमुना ९ बघायला गेलो, तर आमच्या नावासमोर नोंद होती, पण पेन्सिलीनं. "ऑडिट झालं की पेनानं करतो," लिपिक म्हणाला. मी खुर्ची ओढून बसलो. पाऊण तासानं त्यानं पेन काढलं, ठराव क्रमांक लिहिला, खाली सही केली. फोटो काढला आणि मगच आंबे उतरवायला घरी गेलो.